नॉरफोक पाइन की कुक पाइन? तुमच्या अंगणातलं ‘ख्रिसमस ट्री’ नेमकं कोणतं – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात गिरणा नदीकाठी आमची छोटी नर्सरी आहे. डिसेंबर लागला की ‘ख्रिसमस ट्री’ मागणारे येतात आणि मे लागला की तेच लोक ‘झाड तांबडं पडलं’ म्हणून फोटो पाठवतात. तेच तेच व्हॉट्सअपवर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आधी वाचा, मग फोन करा, आणि फोन कराच पण दुपारी दोन ते चार नको.

ही दोन वेगळी झाडं आहेत? आम्ही तर एकच समजत होतो.

वेगळी आहेत. सख्खी भावंडं म्हणा, पण जुळी नाहीत. दोघं अरोकेरिया या एकाच कुळातले. एक अरोकेरिया हेटेरोफायला, म्हणजे नॉरफोक पाइन, आणि दुसरं अरोकेरिया कॉलम्नारिस, म्हणजे कुक पाइन. जुन्या माळी लोकांकडे पहिल्याला ‘एक्सेल्सा’ आणि दुसऱ्याला ‘कुकी’ म्हणायची पद्धत होती, अजूनही काही जण तसंच म्हणतात, आणि कुकी ऐकून गिऱ्हाईक हसतं. दोन्ही सरळसोट वाढतात, दोन्हींना खोडाभोवती चक्रासारख्या मजल्या-मजल्याने फांद्या येतात, आणि लहानपणी दोन्हींची पानं हिरव्या मऊ सुईसारखी, टोकाला आत वळलेली. त्यामुळे घोटाळा होणारच.

माझ्याकडे त्यातलं कोणतं असेल?

न बघता सांगतो, बहुतेक कुक. नर्सरीत ‘नॉरफोक’ लेबलखाली जे विकलं जातं त्यातला मोठा भाग कुकच असतो. हे फक्त आपल्याकडे नाही, हवाईमधेसुद्धा लोक ज्याला वर्षानुवर्षं नॉरफोक म्हणत आले ती झाडं जास्त करून कुक निघाली. मी स्वतः फसलोय. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या होलसेलवाल्याकडून चाळीस रोपं मागवली, बिलावर ठळक ‘नॉरफोक’ लिहिलेलं, मी तसंच पुढे विकत राहिलो, आणि तीन-चार वर्षांनी त्यातली जी माझ्याकडे उरली होती ती सगळी हळूहळू एकाच बाजूला कलायला लागली. तेव्हा कळलं. ज्यांना तेव्हा विकली त्यांना आता काय सांगू, झाडं छान आहेत, फक्त नाव बदललंय.

लहान रोप असताना ओळखता येतं का?

खरं सांगायचं तर दोन-तीन फुटाच्या रोपात छातीठोकपणे कोणी सांगत असेल तर तो एकतर फार मोठा जाणकार आहे किंवा त्याला रोप विकायचंय. तरी अंदाज लागतो. नॉरफोकचे मजले जरा सुटे-सुटे असतात, फांद्या लांब, आडव्या, वरून बघितलं तर चांदणी काढल्यासारखं. कुकचे मजले दाट, फांद्या आखूड, आणि खोड कुठेतरी हलकं नागमोडी झालेलं, उभं राहता राहता विचार बदलल्यासारखं.

आणि मोठं झाड?

मोठ्या झाडात मात्र सोपंय. लांबून बघा. नॉरफोक म्हणजे उतरंड, खाली रुंद आणि वर निमुळतं, मधे मधे आरपार आभाळ दिसतं. कुक म्हणजे बाटली धुवायचा ब्रश, खालपासून वरपर्यंत जवळपास सारखाच जाड, कारण त्याच्या जुन्या लांब फांद्या गळून पडतात आणि त्याच जागी खोडातून आखूड नव्या फांद्या फुटतात. खांबासारखं दिसतं म्हणूनच कॉलम्नारिस, कॉलम म्हणजे खांब.

मग जवळ जा. कुकच्या खोडाची साल कागदासारखी पापुद्रे सुटून गुंडाळी होते. त्याच्या मोठ्या फांद्यांवरची पानं सुईसारखी राहत नाहीत, खवल्यासारखी एकावर एक घट्ट बसतात आणि डहाळी हातात घेतली तर बैलाचा कासरा धरल्यासारखं वाटतं. नॉरफोकच्या डहाळीवर पानं जरा उघडी, मोकळी. शंकू लागले असतील तर प्रश्नच मिटला: नॉरफोकचा मादी शंकू बसका, उंचीपेक्षा रुंदी जास्त, साधारण १२ सेंटिमीटर, कुकचा लांबट, अंड्यासारखा. पण आपल्या भागात शंकू धरलेलं झाड बघायला मिळणं नशिबाची गोष्ट, मी तरी अजून वाट बघतोय.

काय भो, हाई झाड वाकडं काबर शे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझा सगळ्यात आवडता, म्हणून जरा लांब लिहितो.

कुक पाइन वाकतं. वाऱ्याने नाही, तुम्ही खड्डा वाकडा खणला म्हणून नाही, माळ्याची चूक नाही. ते विषुववृत्ताकडे कलतं. म्हणजे आपल्याकडे, उत्तर गोलार्धात, दक्षिणेला. आणि ऑस्ट्रेलियात वगैरे उत्तरेला. हे कॅलिफोर्नियातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, मग त्यांनी जगभरातली झाडं मोजली, पाच खंडांतली २५६ झाडं, आणि २०१७ मधे ‘इकॉलॉजी’ नावाच्या जर्नलमधे छापलं. सरासरी कल साडेआठ डिग्री. पिसाचा तो प्रसिद्ध मनोरा आहे ना, तो चार डिग्रीच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्या दुप्पट. विषुववृत्तापासून जितकं लांब तितकं झाड जास्त कललेलं, दक्षिण ऑस्ट्रेलियात तर एक झाड ४० डिग्री कललेलं सापडलं. नऊ टक्क्यांपेक्षा कमी झाडं या नियमात बसली नाहीत. असं का होतं याचं पक्कं कारण अजून ठरलेलं नाही, सूर्यप्रकाशाच्या कोनाशी संबंध असावा असा अंदाज आहे. पण एखादी आख्खी जात जगभर एकाच दिशेला मान झुकवते हे वाचलं तेव्हा मी उठून सरळ बाहेर गेलो आणि मोबाइलमधलं होकायंत्र उघडून आमच्या नर्सरीतली उरलेली झाडं बघितली. दक्षिण. सगळी. बायको म्हणाली झाडांना काय नमस्कार करताय वाकून वाकून.

नंतर धुळ्याला एका नातेवाइकाच्या कॉलनीत गेलो, तिथे एका जुन्या बंगल्याच्या कंपाउंडला तीन उंच झाडं, मालक म्हणे वादळात वाकली. मी होकायंत्र लावलं, तिन्ही दक्षिणेला. वादळ एवढं शिस्तीत येत नाही हो काका.

तर ही तुमची घरगुती टेस्ट. झाड जमिनीत असेल, पंधरा-वीस फूट झालं असेल आणि दक्षिणेला कललं असेल तर कुक. ताठ उभं असेल तर नॉरफोक असण्याची शक्यता वाढली. कुंडीतल्या झाडाला ही टेस्ट लावू नका. कुंडीतलं कुठलंही झाड खिडकीकडे वाकतं आणि आपण कुंडी फिरवत असतो, मग दिशेचा काही अर्थ राहत नाही. आणि भिंतीच्या सावलीतलं झाड उजेडाकडे जाणारच, तेही धरू नका.

बांबू बांधून सरळ होईल का?

मी बांधला होता. दोन वर्षं. सोडल्यावर शेंड्याने परत आपला रस्ता धरला. राहू द्या.

हे खरं ख्रिसमस ट्री आहे का? पाइन तरी आहे का?

दोन्ही नाही. नावात पाइन आहे पण खरे पाइन म्हणजे चीड वगैरे, ते वेगळं घराणं. अरोकेरियाचं घराणं मुळात दक्षिणेकडचं: चिली, अर्जेंटिना, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि पॅसिफिकमधली बेटं. नाव चिलीतल्या आरौको भागावरून. युरोपातलं ख्रिसमस ट्री म्हणजे स्प्रूस किंवा फर, त्यांना थंडी लागते, ती आपल्याकडे जगत नाहीत, म्हणून त्यासारखं दिसणारं हे आपण घेतलं. आणि एक राहिलंच, काही जण मोरपंखी घेऊन येतात आणि हेच का ते विचारतात. नाही, तो थुजा, त्याचा यात काही संबंध नाही.

गंमत म्हणजे भारताला हे घराणं तसं परकं नाही. आपला भूभाग दक्षिणेतल्या गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडाचा तुकडा होता तेव्हा याचे पूर्वज इथे होते, झारखंडातल्या राजमहाल टेकड्यांच्या खडकांत त्यांचे जीवाश्म मिळालेत. आपल्या खान्देशावर लाव्हा पसरला तो त्याच्या कितीतरी नंतर.

मूळची कुठली ही झाडं?

नॉरफोक पाइन नॉरफोक बेटाचं. न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे, समुद्रात एक ठिपका, जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात हरवून जाईल. तिथल्या झेंड्यावर हेच झाड आहे.

कुक पाइन न्यू कॅलेडोनियाचं, जास्त करून दक्षिणेकडचा किनारा आणि आइल ऑफ पाइन्स नावाचं बेट. ते बेट साडेबावीस अंश दक्षिणेला आहे आणि आपलं जळगाव २१ अंश उत्तरेला, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर.

दोन्ही झाडं युरोपियन लोकांना दिसली ती एकाच वर्षी, १७७४ मधे, एकाच जहाजावरून, महिन्याभराच्या अंतराने. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकची दुसरी सफर. सप्टेंबरमधे न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर लांबून उंच खांबांसारखं काहीतरी दिसलं आणि जहाजावर वाद सुरू झाला, कुक म्हणे झाडं आहेत, शास्त्रज्ञ मंडळी म्हणे बेसाल्टचे खांब. कुक जिंकला. इथे मला शास्त्रज्ञांची बाजू घ्यावीशी वाटते, बेसाल्टवर वाढलेल्या माणसाला लांबून उभा काळा खांब दिसला तर आधी दगडच आठवणार. ऑक्टोबरमधे ते नॉरफोक बेटावर उतरले, तिथली सरळ झाडं बघून कुकला वाटलं जहाजाच्या डोलकाठ्यांची सोय झाली. १७८८ मधे इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली त्यामागे तेही एक कारण होतं. मग झाडं तोडून बघितली तर लाकूड डोलकाठीसाठी ठिसूळ निघालं. म्हणजे दिसण्यावर भाळून घेणारे आपणच पहिले नाही.

दोन्ही झाडं नष्ट होतायत म्हणतात, खरं का?

इथे लोक फार घोळ घालतात. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेची धोक्यातल्या जातींची लाल यादी असते, तिच्यात नॉरफोक पाइन ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित आहे. कुक पाइन त्याच यादीत कमी काळजीच्या गटात आहे. म्हणजे लेबलवर ज्याचं नाव आहे ते धोक्यात आणि कुंडीत जे आहे ते निवांत.

पण नॉरफोक पाइन तर जगभर समुद्रकिनाऱ्यांवर लावलेलं दिसतं, मग असुरक्षित कसं? कारण हिशोब रानातल्या झाडांचा करतात, बागेतल्या नाही. आणि त्याचं रान म्हणजे ते एवढंसं बेट. एका बेटावर सगळी वस्ती असली की एक रोग, एक आग, एक काहीतरी झालं की संपलं. कैद्यांच्या वसाहतीच्या काळात जंगल तोडून शेती केली, गुरं सोडली, डुकरं-शेळ्या सोडल्या, आणि आता जे जुनं रान उरलंय ते मुख्यतः माउंट पिट आणि माउंट बेट्स या दोन डोंगरांच्या आसपास, ३१९ मीटर उंची फक्त, आपल्या सातपुड्यात त्याला कोणी डोंगर म्हणणार नाही. तिथेही बाहेरून आलेल्या पेरूच्या एका जातीने रान धरलंय. पेरू म्हटलं की आपल्याला तोंडाला पाणी सुटतं, तिकडे तो तण आहे.

न्यू कॅलेडोनियात अरोकेरियाच्या तेरा-चौदा जाती आहेत, जगात सगळ्या मिळून वीसच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त त्या एका ठिकाणी. त्यातल्या बऱ्याच जाती धोक्यात आहेत, निकेलच्या खाणी आणि वणवे ही मोठी कारणं. कुक त्यातल्या त्यात सुखी, कारण तो किनाऱ्यावरच्या प्रवाळाच्या चुनखडीवर वाढतो, निकेल असतं त्या लाल मातीवर नाही. मोक्याची जमीन नसणं कधी कधी बरं असतं.

मग नॉरफोक लावून आपण जात वाचवतोय असं म्हणायचं का?

नाही. हौसेने लावा, पण पोस्ट टाकताना ‘संवर्धन’ वगैरे लिहू नका. जात वाचते ती बेटावरचं रान वाचलं तर.

आपल्या उन्हात कोणतं टिकेल?

कुक. नॉरफोक बेटावर भर उन्हाळ्यातही पारा तिशीच्या आतच असतो, समुद्राची हवा, वर्षभर ओलावा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ होतं आणि वर ती कोरडी झळ. नॉरफोक मरतंच असं नाही पण पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पोरासारखं सांभाळावं लागतं. कुकही काही वाळवंटातलं झाड नाही, पण चिवट आहे.

दोन्हीसाठी: पहिले दोन उन्हाळे मार्च अखेरपासून पाऊस लागेपर्यंत वरून ग्रीननेट, पश्चिमेच्या बाजूनेही लावा, कारण मारते ती दुपारनंतरची झळ. पाणी रोज थोडं नाही, दोन-तीन दिवसांनी भरपूर, खाली पाचट किंवा केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन. रावेर-यावलकडच्या लोकांना केळीची पानं कुठून आणायची हे सांगायला नको. तोरणमाळकडे वर थंड हवेत कोणाची जागा असेल तर तिथे नॉरफोक मस्त होईल, मला फोटो पाठवा.

काळ्या मातीत लावू का?

पावसाळ्यात काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्या, खाली वीतभर मुरूम-खडी, वर पोयटा, शेणखत आणि थोडी रेती, आणि जागा आजूबाजूपेक्षा जरा उंच करा. चुनखडीच्या जमिनीत बाकी झाडं पिवळी पडतात तिथे कुक तुलनेने बरं करतं, शेवटी मूळचं चुनखडीवरचंच.

भांडी धुतलेलं पाणी चालेल?

नको. एक गोष्ट सांगतो. नॉरफोक पाइन खारा वारा इतका सोसतं की सिडनीच्या किनाऱ्यावर रांगाच्या रांगा लावल्या, आणि मग गेल्या शतकात साठ-सत्तरच्या दशकात ती झाडं झडायला लागली. शोध घेतला तर कारण निघालं डिटर्जंट. सांडपाणी समुद्रात, समुद्राचे तुषार पानांवर, साबणाने पानावरचा मेणाचा थर गेला आणि मीठ आत शिरलं. आता तुम्ही पाणी मुळाशी टाकणार, पानावर नाही, पण आधीच आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात साबण कशाला.

फांदी लावून रोप होईल का?

होईल आणि तुम्हाला पश्चात्तापही होईल. अरोकेरियाची बाजूची फांदी मुळं धरते, पण ती फांदीच राहते. आयुष्यभर आडवी वाढते, जमिनीवर पसरते, झाडासारखी उभी होतच नाही. आपण फांदी आहोत हे ती विसरत नाही. उभं झाड हवं तर बी लावायचं किंवा शेंड्याचं कलम, आणि शेंडा कापला की मूळ झाडाची शोभा गेली. म्हणून बीच. हे ज्यांना माहीत नसतं ते यूट्यूब बघून दहा काड्या लावतात आणि वर्षाने मला विचारतात हे असं का पडलंय.

शेंडा कापून उंची कमी ठेवता येईल?

नाही, हात जोडतो. एकदा शेंडा गेला की ती सरळ उभारी परत तशी येत नाही, दोन-तीन शेंडे फुटून झाड बेढब होतं. त्यामुळे लावतानाच वर बघा, विजेची तार आहे का. मूळ ठिकाणी दोन्ही झाडं ५०-६० मीटर जातात. आपल्याकडे तेवढी होणार नाहीत, पण तीन मजली घराच्या वर नक्की. भिंतीपासून किमान वीस फूट सोडा, आणि कुक असेल तर दक्षिणेला जरा जास्त.

खालच्या फांद्या वाळल्या, परत येतील?

कुंडीत असेल तर नाही, गेलेला मजला गेला. घरात उजेड कमी किंवा पाण्याची ओढाताण, दोनच कारणं. खिडकीजवळ ठेवा, कूलरच्या तोंडासमोर नको.

हे झाड पाऊस ओढतं म्हणे?

कोणीतरी हवाईची गोष्ट अर्धी ऐकलेली दिसते. तिथे लानाई बेटावर जॉर्ज मन्रो नावाचा रँच मॅनेजर होता, साधारण शंभर वर्षांपूर्वी. त्याच्या घराशेजारच्या नॉरफोक पाइनवरून पत्र्यावर रात्रभर टपटप व्हायची, पाऊस नसताना. ते धुकं होतं, पानांवर अडकून ठिबकणारं. त्याने मग डोंगरावर कुक पाइन लावले, धुकं पकडायला, आणि ते चाललं. पण त्यासाठी धुकं लागतं. आपल्याकडे पत्र्यावर टपटप होते ती माकडांची.

वास्तूच्या दृष्टीने कसं?

पुढचा प्रश्न.

तुमच्याकडे दोन्ही मिळतील का?

कुक मिळेल, आता लेबलवरही कुकच लिहिलंय, त्यामुळे विक्री जरा कमी झालीय कारण लोकांना ‘नॉरफोक’ ऐकायचं असतं. नॉरफोक म्हणून सध्या काही विकत नाही. मागच्या लॉटमधली दोन रोपं मात्र वेगळी वाटतायत, मजले सुटे आहेत, अजून तरी ताठ आहेत. ती मी कुंपणाच्या कडेला मोकळ्या उन्हात जमिनीत लावलीत आणि दर पाडव्याला होकायंत्र घेऊन जातो. चार वर्षं झाली की सांगेन, तोपर्यंत ती विकायची नाहीत, भाव विचारू नका.